परळीचे पाणी आणि कार्नोचे सूत्र

परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. वीज तर कोळशावर होते, मग एवढे पाणी कशाला? दहावीच्या वर्गात सहज येणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयाच्या उष्मागतिकीत आहे.

अशा केंद्रांत वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसला टर्बाइनमध्ये शिरते आणि ४० अंशांच्या आसपास तिचे पुन्हा पाणी होते. केल्व्हिनमध्ये ८१३ आणि ३१३. कार्नोच्या सूत्राप्रमाणे आदर्श इंजिनाचीही कार्यक्षमता १ − ३१३/८१३, म्हणजे सुमारे ६१.५ टक्केच! प्रत्यक्षात ती ३५ टक्क्यांच्या आसपास असते. उरलेली काही उष्णता धुराड्यातून जाते. बरीचशी मात्र शीतलन मनोऱ्यात पाण्याची वाफ करूनच घालवावी लागते. यात लागतो तो साधा भागाकार. सुप्त उष्णता तर दहावीच्या पुस्तकातच आहे.

अमेरिकेत शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय घेण्याची सोय १९५० च्या दशकापासून आहे. त्याने पदवीचा वेळ वाचतो, असे सांगतात. मला तो लाभ दुय्यम वाटतो. मुलांचा प्रश्न ‘हे पुढच्या वर्षी’ म्हणून अडत नाही, हे अधिक मोलाचे. सूत्राची सिद्धता थांबू शकते.

उन्हाळ्यात ४० चे ५० अंश झाले तर काय होईल, हा हिशेब विद्यार्थ्यांनाच करू द्यावा.