रेघांत दिसते ते आणि न दिसते ते

ईईजी काढायला येताना डोक्याला तेल लावू नका, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले असते. तरी बरीच मंडळी छान चापून तेल लावूनच येतात! पालिकेच्या एका रुग्णालयात मी अनेक वर्षे ईईजी तंत्रज्ञ होते. भाईंदरहून पहाटेची लोकल पकडायची आणि पोहोचल्यावर आधी लोकांची डोकी पुसायची, असा माझा दिवस सुरू होई.

इलेक्ट्रोड चिकटवताना हमखास प्रश्न यायचा, "ताई, शॉक तर बसणार नाही ना?" नाही. आपण वीज सोडत नाही, मेंदूचीच वीज टिपतो. व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागेल इतकी ती क्षीण असते. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी नोंद प्रथम घेतली. पूर्वी आमच्याकडे शाईच्या लेखण्या कागदावर सरसर धावत. आता सगळे संगणकाच्या पडद्यावर.

डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटतात. फिट येण्याची प्रवृत्ती असेल तर या संथ रेघांतून एकाएकी टोकदार काटा वर येतो आणि त्यामागून एक लाट. वर्गात क्षणभर शून्यात बघणारी, बोलता बोलता थांबणारी मुले असतात ना, बाईंच्या मते 'तंद्री लागणारी'? त्यांना आम्ही कागदी भिरभिऱ्यावर तीन मिनिटे जोरजोरात फुंकर मारायला लावत असू. भिरभिरे मध्येच थांबायचे आणि त्याच क्षणी सगळ्या रेघांवर सेकंदाला तीन या गतीने काटा-लाट, काटा-लाट. हा नमुना अमेरिकेत १९३५ साली नोंदला गेला. एकदा पाहिला की विसरता येत नाही.

आमच्या शेजारचा सतरा वर्षांचा मुलगा मात्र तंद्रीतला नव्हता. सकाळी उठल्यावर त्याच्या हाताला हिसका बसे आणि चहाचा कप पडे. घरात त्याचे नाव 'धांदरट' पडले होते. रात्री जागून अभ्यास आणि पहाटे क्लासची गाडी. एके दिवशी फलाटावरच तो कोसळला. लोकांनी नाकाला चप्पल लावली, कांदा हुंगवला. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, कार्बामाझेपिनच्या, पण हिसके वाढले. ईईजीत एकामागून एक काट्यांचे झुबके आणि लाटा दिसल्या, त्यात सकाळच्या हिसक्यांची हकिकत मिळवली, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी औषध बदलले. या प्रकारच्या अपस्मारात ती गोळी हिसके वाढवू शकते. (म्हणून वाचकांनी आपली गोळी परस्पर बंद करू नये, ते फार धोक्याचे.) झोप सांभाळणे हाही त्याच्या उपचाराचाच भाग. पहाटेच्या गाडीवर जगणाऱ्या आपल्या गावात हे पथ्य किती अवघड, ते सांगायला नको.

पण रेघांवर भाबडा विश्वासही नको. अपस्मार असूनही अर्ध्या तासाचा ईईजी अगदी स्वच्छ येऊ शकतो. मग जागरण करून पुन्हा बोलवावे लागते. उलट, दात आवळले, पापणी फडफडली, डुलकी लागली, तरी टोकदार रेघा उमटतात. नवख्या नजरेला त्या फिटच्या वाटतात आणि धडधाकट माणसाच्या माथी शिक्का बसतो.

शिक्क्याची भीती आयांना अधिक. "रिपोर्टात तसं लिहू नका हो, मुलगी लग्नाची आहे," असे त्या कुजबुजत. हिंदू विवाह कायद्यातच १९७६ च्या दुरुस्तीने अपस्मार हा लग्नातला अडसर म्हणून घातला गेला होता. १९९९ मध्ये तो शब्द वगळला. कायदा बदलला, तरी कुजबूज मी निवृत्त होईपर्यंत ऐकली.

कोणाला फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात न्या. आणि जवळ दुसरे कोणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. हिसका आधी कोणत्या हाताला बसला, मान कुठे वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, हे डॉक्टर आधी विचारतात. रेघा त्यानंतर बघतात.