नियमगिरीचा माथा

ओडिशा राज्यातील रायगडा आणि कालाहंडी या दोन जिल्ह्यांत नियमगिरीची डोंगररांग पसरली आहे. तेथे डोंगरिया कंध हे आदिवासी राहतात. लोकसंख्या जेमतेम आठ-दहा हजार, भाषा कुवी. डोंगरउतारावर शेती करतात म्हणून डोंगरिया. ते स्वतःला झरनिया, म्हणजे झऱ्यांचे राखणदार, असेही म्हणवतात.

त्यांची शेती नांगराची नव्हे. उतारावरील एका तुकड्यातील झाडोरा तोडून तो जाळायचा आणि राखेत बी टाकायचे. आपल्याकडील कातकरी-ठाकरांची दळीची शेती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चटकन समजेल. नाचणी, इतर भरड धान्ये, तूर असे बियाणे एकत्रच पेरतात. एक पीक बुडाले तरी दुसरे घर चालवते! दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडायचा आणि तेथे पुन्हा रान वाढू द्यायचे. शिकलेले लोक याला जंगलाचा नाश म्हणतात. परंतु जमिनीला विसावा मिळत असेल तोवर रान परत येते. विसाव्याची वर्षे कमी झाली की मात्र उतार उघडा पडतो, हेही खरे.

शिवाय अननस, केळी, फणस, संत्री, आले, हळद आहेच. जंगलातून मध आणि कंदमुळे मिळतात. सलप नावाच्या झाडाचा, आपल्या कोकणातील भेरली माडाचा, रस काढून पितात. आठवड्याच्या बाजाराला बाया डोक्यावर फळांचे ओझे घेऊन उतरतात आणि मीठ, कापड घेऊन परततात. या पाड्यांतून डोंब ही दलित जातही शेजारी राहते. बाजाराचा पुष्कळसा व्यवहार तिच्या हातून चालतो आणि भावावरून कुरबुरीही होतात.

उतार वापरायचा, पण माथ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. माथा नियमराजाचा, असे ते मानतात. देव मानावा की न मानावा हा वाद तूर्त बाजूला ठेवू. माथ्याखाली बॉक्साईट आहे. हा सच्छिद्र थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. त्यामुळे उन्हाळ्यातही झरे वाहतात. वंशधारा नदीचा उगम याच डोंगरात आहे.

त्याच बॉक्साईटवर वेदांत कंपनीचा डोळा होता. सुमारे सात कोटी टन माल! पायथ्याशी लांजीगढ येथे कारखाना आधीच उभा राहिला होता. अखेर १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे, ग्रामसभांना विचारा असा निकाल दिला. डोंगरात शंभराहून अधिक गावे, पण राज्य सरकारने निवडली फक्त बारा. त्यावर लोकांनी हरकत घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या देखत सभा झाल्या. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते अशा म्हाताऱ्या बायांनीही उठून आपले म्हणणे मांडले. बाराच्या बारा गावांनी ‘नाही’ म्हटले.

जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला नकार दिला. राज्याच्या खाण महामंडळाने ग्रामसभा पुन्हा घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. २०१६ मध्ये तेथेही दाद लागली नाही. कारखाना मात्र हलला नाही. तो पायथ्याशीच आहे, आणि त्याला लागणारे बॉक्साईट दुसरीकडून येते.