पडद्यावरचा एव्हरेस्ट आणि आपला श्वास

‘एव्हरेस्ट’ नावाचा एक माहितीपट आहे. डेव्हिड ब्रीशियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तो प्रत्यक्ष एव्हरेस्टवर चित्रित केला, १९९८ मध्ये तो आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यावर आला आणि पुढे कॅसेट व डीव्हीडीच्या रूपाने घरोघरी पोहोचला. जेमतेम पाऊण तासाचा आहे. घरच्या टीव्हीवर त्याची भव्यता उणावते हे खरे. पण घरी तो थांबवून, मागे नेऊन पाहता येतो. वाचकहो, तसा पाहाच, आणि या वेळी डोंगराऐवजी माणसांकडे पाहा. दोन पावले टाकायची, थांबायचे, धापा टाकायच्या, पुन्हा दोन पावले. ही सारी जगातली निवडक, कसलेली मंडळी आहेत, बरे का!

उंचावर हवेतला प्राणवायू कमी होतो असे आपण म्हणतो. खरे तर त्याचे प्रमाण तेच असते, शेकडा २१. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे तेवढ्याच श्वासात प्राणवायू कमी येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश. शरीर मग जोरजोराने श्वास घेऊ लागते, काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्काचा तोल सावरतात, आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. या कामाला वेळ लागतोच. म्हणून गिर्यारोहक आठवडेच्या आठवडे वर चढतात, खाली उतरतात, पुन्हा चढतात. एड व्हिएस्टर्स यांनी २३ मे १९९६ रोजी नळकांड्यातील प्राणवायूविना शिखर गाठले, ते या तयारीच्या बळावर.

सगळ्यांना ते जमले नाही. त्या कोरड्या, गोठवणाऱ्या हवेने सुमियो त्सुझुकी या जपानी गिर्यारोहक महिलेला असा खोकला लागला की खोकून खोकून बरगड्यांना तडे गेले. त्यांना शिखर सोडावे लागले.

त्याआधी १० मे रोजी वादळाने घात केला होता. त्यात आठ जण दगावले. पाच नेपाळच्या बाजूला आणि आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघे उत्तरेच्या बाजूला. ब्रीशियर्स यांच्या पथकाने चित्रीकरण बाजूला ठेवून आपला प्राणवायूचा साठा अडकलेल्यांना मोकळा करून दिला. वाचलेल्यांत बेक वेदर्स हे अमेरिकन डॉक्टर होते. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा घालवण्यासाठी बुबुळाला चिरा देण्याची जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया झालेली होती. कमी दाबाच्या हवेत त्या बुबुळांचा आकार बदलला आणि ऐन चढाईत त्यांना दिसेनासे झाले. पुढे हिमदंशाने उजवा हात, डाव्या हाताची बोटे आणि नाक गमवावे लागले. खुद्द डॉक्टरच्याही हे ध्यानात आले नव्हते!

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे एव्हरेस्टला जायचे आहे? पण लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे, केदारनाथ त्याहून थोडे वर, आणि कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड साडेअठरा हजारांच्या आसपास. त्रास साधारणतः आठ हजार फुटांपासून सुरू होऊ शकतो. आपले कळसूबाई अवघे ५४०० फूट. ते दर रविवारी चढणाऱ्यालाही लेहला विमानातून उतरल्यावर डोके धरून बसावे लागते. तब्येत धडधाकट असणे आणि विरळ हवा सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना तरुण, दमदार माणूसच घाईने वर जातो आणि फसतो. हेलिकॉप्टरने केदारनाथला काही मिनिटांत पोहोचणाऱ्यांनाही हे लागू आहे.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की पुढे चढू नये, विश्रांती घ्यावी. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. दहा हजार फुटांच्या वर मुक्कामाची उंची रोज सोळाशे फुटांहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर आवर्जून विचारावे. यात्रेच्या प्रमाणपत्रावर नुसती सही हवी असणारी मंडळी दवाखान्यात पुष्कळ येतात. त्यांनी हृदयविकार, दमा, रक्तदाब, डोळ्यांची जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नये.

बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर फुप्फुसात पाणी झाले असे समजावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्यावी. शंका असेल तर त्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. झोकांड्या गेल्या तर मिळेल तो प्राणवायू लावून ताबडतोब खाली उतरवावे, रात्र असली तरी, आणि सोबत कुणी तरी असलेच पाहिजे.