बीम जाड आहे हो, पण लांब किती?

"अहो, आयबीमच तर आहे! शेडमागे पडलाय. दोन्ही टोकांना कड्या वेल्ड करू, मधोमध हुक अडकवू. चार टन काय, हत्ती उचलेल."

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या शेडांमध्ये हे माझ्या कानावर पडलं नाही असा महिना जात नाही. बोलणारा माणूस अनाडी नसतो. बहुतेक वेळा चांगला फॅब्रिकेटर असतो. म्हणूनच जास्त चीड येते. शंभर रुपयांचा बोल्ट घेताना तो ग्रेड विचारतो, आणि डोक्यावर चार टन टांगणारा बीम मात्र जाडी बघून पसंत करतो.

कोजागरीला सप्तशृंगी गडावर पाणी घेऊन चढणारे कावडधारी आठवा. खांद्यावर मधोमध टेकलेली काठी, दोन टोकांना भार. लिफ्टिंग बीम म्हणजे हीच कावड. खांद्याच्या जागी क्रेनचा हुक. पाणी तेवढंच ठेवून काठी लांब केली, तर ती खांद्यापाशी जास्त वाकते, हे कुठलाही कावडधारी सांगेल. लोखंडाला वेगळा नियम नाही.

आता आकडे. भार ४ टन, टोकाच्या कड्यांमधलं अंतर ४ मीटर. मध्यावर वाकवणारा जोर निघतो भार गुणिले लांबी भागिले चार, म्हणजे ४ टन-मीटर. बीम २०० मिलिमीटर उंचीचा, बाजारात सर्रास मिळणारा आयएसएमबी २०० धरा. त्यात ताण येतो चौरस मिलिमीटरला सुमारे १७५ न्यूटन. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. हाताशी राखीव ताकद उरली जेमतेम १.४ पट. अमेरिकेचं एएसएमई बीटीएच-१ हे मानक, भार नेमका माहीत आहे आणि काम सौम्य आहे अशा ठिकाणीही किमान २ पट मागतं. एरवी ३ पट.

तोच बीम, तोच भार, पण अंतर ६ मीटर करा. ताण २६० च्या पुढे जातो. बीम वाकला! यात बीमचं स्वतःचं वजन धरलेलं नाही, क्रेनचा झटकाही नाही. शिवाय कावडीसारखी टोकं खाली झुकतात तेव्हा खालचा फ्लँज दाबाखाली येतो आणि लांब बीममध्ये तो कायमचा वाकण्याआधीच बाजूला कलंडू शकतो.

म्हणून "पाच टनांचा बीम" हे वाक्यच अपुरं आहे. किती अंतरावरच्या कड्यांना पाच टन, ते सांगा. आणि त्या कड्या? बीम शाबूत असतानाही कच्च्या वेल्डपाशी कडी सुटू शकते. जाडी बघून वेल्डची परीक्षा होत नाही. ती होते हिशेबाने, वेल्डच्या तपासणीने आणि वापराआधीच्या भार-चाचणीने. ही चाचणी साधारण ठरलेल्या क्षमतेच्या १२५ टक्क्यांपर्यंत घेतात.

बाकीचे गैरसमज भराभर उरकू.

"लिफ्टिंग बीम आणि स्प्रेडर एकच." नाही. स्प्रेडर म्हणजे पाळण्याच्या दोऱ्या फाकवून ठेवणारी आडवी दांडी. ती मुख्यतः दाबली जाते, वाकत नाही, म्हणून लांब मालाला हलकी पडते. पण वरच्या स्लिंगना उंची लागते. शेडचं छत बुटकं असेल तर लिफ्टिंग बीमच घ्या.

"स्लिंगचा कोन कितीही चालतो." ४ टनांना दोन स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांवर असतील तर प्रत्येकीवर २.३ टन येतात. ३० अंशांवर प्रत्येकीवर पूर्ण ४ टन.

"क्रेन दहा टनांची, म्हणजे दहा टनांचा माल." बीम, स्लिंग, शॅकल यांचं वजन आधी वजा करा.

"हुक मधोमध असला की माल सरळ उचलतो." हुक मालाच्या गुरुत्वमध्यावर हवा. एका बाजूला रेडिएटर असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा मध्य टेपने मोजून सापडत नाही.

"क्षमता आम्हाला तोंडपाठ आहे, लिहायची गरज नाही." १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २९ मध्येच सांगून ठेवलं होतं: उचलण्याच्या साधनावर सुरक्षित भार आणि ओळखचिन्ह ठळक असावं, नोंदवहीत नोंद असावी, आणि वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीने कसून तपासावं. तोंडपाठ असणारा माणूस रात्रपाळीला नसतो.

"वीस वर्षांत काही झालं नाही." १.४ पटीवर चाललेला बीम वीस वर्षं टिकू शकतो. मग एक दिवस कुणीतरी कड्यांमधलं अंतर फक्त दोन मीटरने वाढवून त्या वेल्ड करतं. जाडी तीच असते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.