वेगळं म्हणजे वाईट नव्हे: डोरोथी डेनिंग आणि घुसखोर ओळखण्याचं गणित

(भागाचं संपादित शब्दांकन)

बँकेकडून कधीतरी मेसेज येतो ना, ‘हा व्यवहार तुम्हीच केलात का?’ त्यामागचं तंत्र म्हणजे अॅनोमली डिटेक्शन. नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं की ते हेरायचं. संगणक सुरक्षेत या कल्पनेला पक्का आकार ज्यांनी दिला, त्या अमेरिकन संशोधक डोरोथी डेनिंग यांच्याबद्दल आज बोलूया.

डेनिंग मूळच्या गणिताच्या. १९७५ साली त्यांनी पर्ड्यू विद्यापीठातून पीएचडी केली. विषय होता, संगणकातली गुप्त माहिती नको तिथे झिरपू नये यासाठी काय करायचं. पुढे कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेत काम करताना १९८७ मध्ये त्यांचा घुसखोरी ओळखण्याच्या मॉडेलवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

त्यातलं गृहीतक साधं आहे. यंत्रणेतल्या त्रुटीचा गैरफायदा घ्यायचा, तर ती नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने वापरावी लागते. मग प्रत्येकाच्या सवयींची नोंद ठेवा: लॉगिन कधी आणि कुठून होतं, पासवर्ड किती वेळा चुकतो, कोणत्या फायली उघडल्या जातात. सरासरीपासून फार दूर काही दिसलं, की इशारा द्या. याचा मोठा फायदा असा, की त्रुटी नेमकी कुठे आहे हे आधी माहीत असावं लागत नाही.

आता खरी मेख बघा. समजा, दिवसाला १० लाख लॉगिन होतात आणि त्यात घुसखोर फक्त १० आहेत. आपली यंत्रणा १०० पैकी ९९ वेळा बरोबर ठरते. छान वाटतं ना? घुसखोर जवळजवळ सगळे सापडतील. पण प्रामाणिक लोकांपैकी १ टक्का, म्हणजे सुमारे १० हजार जण, विनाकारण अडकतील. हजार इशाऱ्यांमागे खरा एक! स्वीडनमधले संशोधक स्टेफान अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये घुसखोरी शोधण्याच्या संदर्भात हेच गणित मांडलं.

आणि हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. इशारे तपासायला बसलेला माणूस शेकडो खोट्या इशाऱ्यांनंतर कंटाळतो, आणि खरा इशारा त्याच ढिगाऱ्यात राहून जातो. दुसरीकडे, परगावी दवाखान्यात असलेल्या कुणाचं तरी खातं नेमकं पैसे भरायच्या वेळी बंद पडतं.

डेनिंग पुढे जॉर्जटाउन विद्यापीठात आणि मग मॉन्टेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये प्राध्यापक झाल्या. अभ्यास सायबर संघर्षाकडे वळला. यंत्राकडून माणसांकडे झालेला हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो.

तुमच्यापैकी कुणी या विषयात संशोधन करणार असेल, तर माझं एकच सांगणं आहे. ‘अचूकता ९९ टक्के’ असं लिहिण्याआधी रोज किती निरपराध अडकतील ते मोजा, आणि तो आकडाही निबंधात छापा.