एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी?

पावसाळा सुरू झाला की बातम्यांमध्ये रोज आकडे येतात. महाबळेश्वरला अमुक मिलिमीटर, सोलापूरला तमुक मिलिमीटर. ते आपण ऐकतो आणि सोडून देतो. अकरावीच्या पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना विचारतो : गावात एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे नेमके किती पाणी पडले? वर्गात बहुधा शांतता पसरते. मग एखादा चाणाक्ष विद्यार्थी उलट विचारतो, "सर, मिलिमीटर तर लांबीचे एकक. त्याने पाणी कसे मोजणार?" शंका रास्त आहे.

समजा, पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, त्याची वाफही झाली नाही. मग सपाट जमिनीवर त्याचा जेवढ्या जाडीचा थर साचेल, तेवढा पाऊस. एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एक मिलिमीटर पावसात एक हेक्टर शेतावर १०,००० लिटर पाणी पडते. टंचाईच्या गावात उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरमध्ये साधारण एवढेच पाणी असते. एका दमदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका शेतावर ५० टँकर रिकामे झाले!

मग मार्चमध्ये विहिरीला तळ का दिसतो? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा आपल्या गावातच शोधावे. त्यासाठी दोनच गोष्टी मोजायच्या आहेत : पाऊस आणि विहिरीतील पाण्याची पातळी. जागतिक पर्यावरण दिनी आपण प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो, दुकानातून चित्रे आणून प्रकल्पवहीत चिकटवतो. चित्रांनी वही सजते, पण आपल्या विहिरीचे काय चालले आहे ते त्यातून कळत नाही.

प्रथम पर्जन्यमापक. सरळ, उभ्या बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. कंगोरे असलेली नको. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. त्यामुळे आत पडलेल्या पाण्याची वाफ कमी होते. बाटलीचा तळ खडबडीत असतो. म्हणून आत खडे टाकून बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा, त्या पातळीवर शून्याची खूण करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीचा घेर सारखाच असल्याने पाणी जेवढे चढेल तेवढा पाऊस, वेगळे गणित नको. बादली किंवा घमेले मात्र चालणार नाही. त्यांचे तोंड रुंद आणि बूड अरुंद असते, त्यामुळे पाण्याची उंची खऱ्या पावसापेक्षा जास्त दिसते.

हे उपकरण उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवा. हवामान खात्याची नोंदही याच वेळेची असते, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येईल.

आता विहीर. जुनी माणसे विहिरीची खोली परसांत सांगतात. एक परस म्हणजे साधारण एका पुरुषाची उंची. आपल्याला सेंटिमीटर हवेत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हमखास एक उदाहरण असते : विहिरीत दगड टाका, किती सेकंदांनी आवाज येतो ते पाहा आणि खोली काढा. गणित बरोबर, पण मोजणीला निरुपयोगी. पाणी २० मीटर खाली असेल तर दगड सुमारे दोन सेकंदांत, ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने, पाण्यावर आदळतो. घड्याळाचे बटण दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला की उत्तरात चार मीटरची चूक! शिवाय पिण्याच्या विहिरीत दगड टाकू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

साधी सुतळी यापेक्षा कितीतरी चांगली. तिला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा आणि टोकाला वजन म्हणून एक लहान जड वाटी उपडी बांधा. उपडी वाटी पाण्याला टेकताच 'डुब्' असा स्पष्ट आवाज येतो. कठड्यावर रंगाने एक खूण करून नेहमी तिथूनच मोजा, आणि तेही सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी. सोबत मोठे माणूस हवेच. कठडा नसलेल्या विहिरीजवळ जाऊ नका. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत आणि मार्चमध्ये अशा चार नोंदी पुरेत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदाच मोजते.

समजा, तुमच्या गावात पावसाळ्यात ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि विहिरीची पातळी तीन मीटर चढली. पडला अर्धा मीटरहून थोडा जास्त आणि विहीर चढली तीन मीटर! फायद्याचा व्यवहार वाटतो. येथेच फसगत होते.

एक प्रयोग करा. एक लिटरच्या डब्यात काठोकाठ खडी भरा आणि वरून मोजून पाणी ओता. सुमारे ४०० मिलिलिटर पाणी मावेल. महाराष्ट्राचा बहुतेक भाग मात्र काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी राहते ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. अशा खडकातून विहिरीकडे मोकळेपणी वाहू शकणारे पाणी आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्केच असते. दोन टक्के धरले तर एक लिटर खडकामागे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. तेव्हा जमिनीखालची पातळी तीन मीटर चढली याचा अर्थ तिथे पाण्याचा भरीव थर ६० मिलिमीटरचाच साठला. पडलेल्या पावसाचा हा दहावा हिस्सा. उरलेला ओढ्याने वाहून गेला, मातीच्या ओलाव्यातून पिकांनी घेतला किंवा वाफ होऊन उडाला.

आता खर्चाची बाजू पाहा. उसाला वर्षाला साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. २,००० धरू. त्यांपैकी ५०० पावसाने भागले असे उदारपणे मानले, तरी १,५०० मिलिमीटर विहिरीतून उपसावे लागतील. जमिनीत साठले होते ६० मिलिमीटर. १,५०० भागिले ६० म्हणजे २५. एक हेक्टर ऊस २५ हेक्टर जमिनीत मुरलेले पाणी पितो! शेतात दिलेल्या पाण्यापैकी थोडे पुन्हा मुरते, तो हिशेब मी सोडला आहे. पण तो धरला तरी चित्र फारसे बदलत नाही. विहीर ज्याची त्याची असली, तरी खडकाच्या भेगा शेताच्या बांधाशी थांबत नाहीत. शेजाऱ्याची विहीर का आटली, हा प्रश्न म्हणूनच भांडणाचा होतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी झपाट्याने वाढल्या. खोल छिद्राने पाणी लवकर उपसता येते. पाऊस मात्र तेवढाच पडतो.

हा जमाखर्च एका गावाने मनावर घेतला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथे डोंगरावर समतल चर खोदले, झाडे लावली, बंधारे घातले. असे काम इतर गावांतही झाले आहे. हिवरे बाजारचे वैशिष्ट्य मला त्यापुढच्या पायरीत दिसते. तेथे पाऊस मोजतात, विहिरी मोजतात, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्या पाण्यात रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी विंधनविहीर नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. कमी पावसाच्या वर्षी जास्त पाण्याची पिके कमी करायची, हे शेतकऱ्याला पटवणे सोपे नसते. मोजलेला आकडा समोर असला की निदान वाद कशाबद्दल आहे ते स्पष्ट होते.

शिक्षकांना एक सूचना. एकाच विद्यार्थ्यावर हे काम सोपवू नका. वर्गातील मुले वेगवेगळ्या वस्त्यांवरून येतात. प्रत्येक वस्तीवरची एक विहीर घेतली तरी आठ-दहा विहिरींच्या नोंदी सहज मिळतील. शहरातील शाळांना विहीर नसेल, तर त्यांनी छप्पर घ्यावे. ४० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पावसात किती लिटर पाणी पडते आणि माणशी रोज ५५ लिटर धरून ते पाच माणसांच्या घराला किती दिवस पुरेल, हे गणित आठवीतला मुलगाही करील.

विहिरींच्या वहीत तारीख, पाऊस, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर असे रकाने आखा आणि शेवटी एक रुंद रकाना कोरा ठेवा. वर्षाअखेर सगळ्या विहिरींचे आकडे शेजारी शेजारी मांडा. पाऊस तोच, खडक तोच, आणि तरीही एखाद्या विहिरीची पातळी जानेवारीतच इतरांपेक्षा चार मीटर खाली गेलेली दिसली, तर तिथे जाऊन भोवताली काय पेरले आहे, पंप किती तास चालतो, जवळ नवी विंधनविहीर झाली आहे का, हे विचारा आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहा.