अर्लीचे १४ टक्के नेमके कोणाचे?

अमेरिकेतल्या टॉपच्या युनिव्हर्सिटीत नोव्हेंबरमध्येच अर्ज टाकला की चान्स तिप्पट, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. आकडे खरे आहेत, पण ही अर्धीच गोष्ट आहे.

आधी आकडेच बघू. २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या बॅचसाठी ब्राऊन युनिव्हर्सिटीकडे ‘अर्ली डिसिजन’चे ६,२४४ अर्ज आले. त्यातल्या ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे १४.४ टक्के. त्याच बॅचसाठी नेहमीच्या फेरीत ४२ हजारांहून जास्त अर्ज आले आणि प्रवेश मिळाले १,६२३. हे होतात ३.८ टक्के. डार्टमथमध्ये अर्लीचा दर १७ टक्के आणि सगळ्या फेऱ्या धरून ५.३. हार्वर्डला अर्ली ८.७, एकूण ३.६. येलला ९ आणि ३.७.

आता हे आकडे हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या एखाद्या एज्युकेशन फेअरमध्ये, मोठ्या स्क्रीनवर, बारावीतल्या पोरासमोर आणि त्याच्या आईबाबांसमोर ठेवा. पुढचं वाक्य कोणी बोलायचीही गरज नाही. १४ आणि ४ यातला मोठा आकडा कुठला, हे कळायला कोचिंग लागत नाही. घरी जाताना ट्रेनमध्येच ठरतं की अर्लीच टाकायचं, बाकीचं मग बघू.

गडबड त्या ‘मग बघू’मध्ये आहे.

‘अर्ली’ नावाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सर्रास खिचडी केली जाते. ‘अर्ली ॲक्शन’ म्हणजे अर्ज लवकर, निकाल लवकर आणि तुम्ही मोकळे. मे महिन्यापर्यंत विचार करा. एमआयटीत हे चालतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची पद्धत थोडी ताठ आहे. तिथेही प्रवेश मिळाल्यावर बंधन नाही, पण त्या काळात दुसऱ्या खासगी युनिव्हर्सिटीत अर्ली अर्ज करायचा नाही. तिसरं ‘अर्ली डिसिजन’. ब्राऊन, डार्टमथ, ड्यूक, कॉर्नेल, पेन, कोलंबिया हे सगळे यात येतात. इथे विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक असे तिघेही आधीच सही करतात, की प्रवेश मिळाला तर आम्ही येणार आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेणार.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडमध्येही पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते. फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे फॉर्म भरताना कॉलेजची फी साधारण माहीत असते. अमेरिकेत फीचा बोर्ड एक असतो आणि तुम्हाला प्रत्यक्षात किती भरावी लागणार ते आर्थिक मदतीचं पत्र हातात आल्यावरच कळतं. सही मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

बरं, ते १४ टक्के येतात कुठून? इथे जरा हळू जाऊ, कारण सगळा खेळ भागाकाराच्या खालच्या आकड्याचा आहे.

अर्लीच्या रांगेत उभी असलेली सगळी मुलं सारखी नसतात. खेळाडूंचंच बघा. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, पण टीमसाठी मुलं शोधतात आणि कोचच्या पसंतीला वजन असतं. अशा मुलांचे अर्ज बहुतेक अर्लीतच येतात. हार्वर्डविरुद्ध जो खटला २०१८ मध्ये उभा राहिला आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत गेला, त्यात हार्वर्डच्या आतली माहिती पहिल्यांदाच इतकी तपशिलात बाहेर आली. कोचने निवडलेल्या खेळाडूंचा प्रवेशदर सुमारे ८६ टक्के! ज्यांचे आईवडील हार्वर्डमध्ये शिकले अशा ‘लेगसी’ मुलांचा सुमारे एकतृतीयांश. तेव्हा सर्वसाधारण दर सहा टक्क्यांच्या आसपास होता. लेगसीवालेही मोठ्या संख्येने अर्लीत असतात, कारण घरात पिढीजात माहिती असते. कुठे जायचं ते पोराचं आठवीतच ठरलेलं.

म्हणून एक ‘समजा’चं गणित करून बघा. ब्राऊनच्या ८९८ पैकी २५० जागा अशा आधीच ठरल्यासारख्या मुलांच्या धरू. हा २५० चा आकडा माझा आहे, ब्राऊनचा नाही. ते २५० वरून आणि खालून दोन्हीकडून काढले की उरतात ५,९९४ अर्ज आणि ६४८ प्रवेश, म्हणजे १०.८ टक्के. १४ चे ११ झाले. पण ३.८ नाही झाले, हेही लक्षात घ्या. म्हणजे ‘अर्लीचा फायदा वगैरे सगळं थोतांड’ असंही नाही. क्रिस्टोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १४ कॉलेजांचे पाच लाखांहून जास्त अर्ज तपासून २००३ मध्ये ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की सारख्याच ताकदीच्या दोन मुलांमध्ये अर्ली अर्ज करणाऱ्याला जो फायदा होतो, तो सॅटचे सुमारे १०० गुण जास्त असण्याइतका आहे. पुस्तक जुनं आहे, पण त्यामागचं कारण अजून तेच आहे. अर्ली डिसिजनवाला येणारच, हे कॉलेजला आधीच माहीत असतं. किती जणांना बोलावलं तर किती येतील, ही धाकधूक नाही. त्यामुळे ब्राऊन, डार्टमथसारख्या ठिकाणी जवळपास अर्धा वर्ग डिसेंबरमध्येच भरलेला असतो, आणि जानेवारीच्या फेरीतले हजारो अर्ज उरलेल्या अर्ध्यासाठी भांडत असतात.

याच्या उलट एमआयटी बघा. तिथे लेगसीला वजन नाही, प्रवेशाचं बंधन नाही आणि कोच म्हणेल त्याला जागा असंही नाही. त्याच बॅचसाठी तिथला अर्लीचा दर होता सुमारे ५.३ टक्के आणि एकूण ४.५. तिप्पट-चौपटवाली दरी गायब. मला तरी ही एक तुलना सगळ्या एज्युकेशन फेअरच्या स्लाइडपेक्षा जास्त बोलकी वाटते.

आता आपल्यासारख्यांचा मुद्दा, पैशांचा. ब्राऊनसारख्या ठिकाणी राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. रुपयांत ७५ लाखांच्या वर, आणि अशी चार वर्षं. बहुतेक मराठी घरांत ही रक्कम मदतीशिवाय उभी राहत नाही. भारतीय मुलांसाठी कळीचा शब्द आहे ‘नीड-ब्लाइंड’, म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्हाला पैसे लागतील की नाही हे न बघणं. अमेरिकन मुलांसाठी अनेक नामांकित कॉलेजं नीड-ब्लाइंड आहेत. परदेशी मुलांसाठी मात्र मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अशी काही. बाकीच्या ठिकाणी तुम्ही मदत मागितलीत की ती तुमच्या अर्जाच्या विरुद्ध जाऊ शकते. आणि सुरुवातीला ज्या ब्राऊनच्या १४.४ टक्क्यांबद्दल बोललो, त्या बॅचपर्यंत ब्राऊनही परदेशी मुलांसाठी नीड-ब्लाइंड नव्हती. ती झाली पुढच्या बॅचपासून. म्हणजे पुण्याच्या एखाद्या मुलीने मदत मागून तेव्हा अर्ली अर्ज केला असेल, तर स्क्रीनवरचे १४.४ टक्के तिचे नव्हतेच.

मिळालेली मदत अपुरी असेल तर अर्ली डिसिजनमधून बाहेर पडता येतं. हे नियमात आहे आणि बरेच सेमिनारवाले ते सांगतातही. पण दुसऱ्या कॉलेजने किती दिली असती, हे तुम्हाला कधीच कळत नाही. चार ऑफर टेबलावर ठेवून तुलना करणं, घासाघीस करणं ही सोय संपते. ज्या घरात आकडा महत्त्वाचाच नाही, त्यांना याने फरक पडत नाही. म्हणजे अर्लीचा फायदा सगळ्यात बेफिकीरपणे कोण घेऊ शकतो? ज्याला पैशांची फिकीर नाही तो.

हे अमेरिकेत कोणाला कळलं नाही असं नाही. पत्रकार जेम्स फॅलोज यांनी २००१ मध्येच ‘द अटलांटिक’ मासिकात या पद्धतीला सरळ ‘रॅकेट’ म्हटलं होतं. २००६ मध्ये हार्वर्डने जाहीर केलं की अर्ली बंद, कारण याचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो. आठवड्याभरात प्रिन्स्टनही आलं, मग युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया. सगळ्यांना वाटलं आता रांग लागणार. कोणीच आलं नाही! बाकीचे आपापली चांगली मुलं डिसेंबरमध्ये पक्की करत राहिले आणि २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघांनीही अर्ली पुन्हा सुरू केलं. एकट्याने चांगलं वागायला गेलं की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर काही विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात ३२ कॉलेजांवर खटलाच भरला. त्यांचं म्हणणं, अर्ली डिसिजनमुळे कॉलेजांमधली स्पर्धा मरते आणि शिक्षण महाग होतं.

दरम्यान आकडेच दिसेनासे होऊ लागलेत. स्टॅनफर्डने २०१८ मध्ये प्रवेशाचे आकडे गाजावाजा करून जाहीर करणं बंद केलं, प्रिन्स्टनने २०२१ मध्ये, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हार्वर्डनेही अर्लीचा आकडा दिला नाही. कमी टक्केवारी बघून मुलं घाबरतात, असं कारण दिलं जातं. मला हे अर्धंच पटतं. आकडा लपवल्याने भीती कमी होत नाही, एज्युकेशन फेअरवाल्यांचे जुने आकडे तेवढे जास्त दिवस चालतात.

सुदैवाने एक दार उघडं आहे. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तावेज फुकट उपलब्ध करतात. त्यात सी २१ या कलमात अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश असतात. त्याहून कामाचं कलम एच ६. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे लिहिलेलं असतं. सी २१ वर सगळे तुटून पडतात, एच ६ उघडून बघणारे कमी.

आपल्यातल्या बहुतेकांची ही गाडी सुटलेली आहे, बरोबर. पण धाकटं भावंड बारावीला असेल तर कॅलेंडर बघा. अर्लीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. २०२४ मध्ये नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. समुपदेशकाची सही आणि शाळेचा रिपोर्ट लागतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजात बऱ्याचदा समुपदेशक हे पदच नसतं, मग ते काम प्राचार्यांना नाहीतर एखाद्या सरांना समजावून सांगावं लागतं, आणि तेही दिवाळीची सुट्टी लागायच्या आत. निकाल डिसेंबरच्या मध्यावर, अमेरिकेत संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे पहाटे. ‘हो’ किंवा ‘नाही’बरोबरच ‘डिफर’ हेही उत्तर येऊ शकतं, म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला. त्यानंतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या मुदतीपर्यंत उरतात जेमतेम अडीच आठवडे. बाकीच्या कॉलेजांचे निबंध तेव्हा लिहायला घेतले तर वेळ पुरत नाही. ते ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवलेले बरे.